तो ‘जातो’ म्हणत नाही

घरातून बाहेर पडताना तुम्ही काय म्हणता?

जरा आठवून बघा. कामावर निघालात, बाजारात निघालात, अगदी भांडून तणतणत निघालात, तरी दारात पाय ठेवताना तोंडातून काय बाहेर पडतं? ‘येतो.’ बाई असाल तर ‘येते.’ निघालात जायला आणि म्हणता काय, तर येतो. बाहेरच्या माणसाला आपली भाषा शिकवायला बसलात तर तो इथेच डोक्याला हात लावेल. त्याला कळणारच नाही, हा गडी आत येतोय की बाहेर चाललाय. आपल्याला मात्र त्यात काही वावगं वाटत नाही. ‘जातो’ म्हणायचं नाही, हे आपल्याला कधी कुणी शिकवलं तेही आठवत नाही.

गादीवालीच्या घरात मात्र हे कुणी शिकवलं ते सगळ्यांना पक्कं आठवतं. तिथली शिकवणी फार कडक होती.

गादीवाली गाद्या बनवते. बाजारामागच्या गल्लीत तळमजल्यावर तिचं दुकान, दुकानामागे पडदा, पडद्यामागे घर. जुन्या गादीची शिवण उसवायची, आत दगड झालेला कापूस उपसून यंत्रात पिंजायचा, नव्या खोळीत भरायचा, काठीनं बडवून सगळीकडे सारखा करायचा, आणि मग हातभर दोरा ओवलेलं दाभण घेऊन टाके घालत बसायचं. दिवसभर कापूस उडतो. केसांवर बसतो, भुवयांवर बसतो, चहाच्या कपात पडतो. तिचा नवरा टपाल वाटायचा. तो लोकांना सांगायचा, “मी हिला पहिल्यांदा पाहिली ती याच दुकानात. वाटलं, या म्हातारीशी माझं लग्न लावतायत की काय. हिनं डोकं झटकलं तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.”

“आणि तुम्ही टोपी काढलीत तेव्हा माझा जीव भांड्यातून बाहेर पडला,” ती दाभणावरची नजर न काढता म्हणायची. त्याला टक्कल होतं.

तर ती शिकवणी. दुकानातून कुणीही निघो, गिऱ्हाईक, शेजारी, पाहुणा, ‘येतो’ म्हटल्याशिवाय त्याची सुटका नसे. एकदा मीटर बघायला नवा माणूस आला. आकडा लिहून घेतला, वही बंद केली आणि म्हणाला, “चला, जातो.”

“कुठे जातोस?”

“पुढच्या दुकानात.”

“तसं नाही. नीट म्हण.”

तो गोंधळला. “मावशी, मी काय तुमच्या घरचा आहे का?”

“दार घरचं आहे ना? मग म्हण.”

त्यानं म्हटलं. तिनं “ये” म्हटलं, तेव्हा तो सुटला. पुढे तो महिन्याच्या महिन्याला आला की गल्लीच्या तोंडापासूनच ओरडायचा, “मावशी, आलो, बघितलं आणि येतो!” ती आतून ओरडायची, “ये!” इथे एक गोष्ट ध्यानात ठेवा. ‘येतो’ला उत्तर असतं. निघणारा ‘येतो’ म्हणतो, राहणारा ‘ये’ म्हणतो. मोठा माणूस असेल तर ‘या’. दोन्ही झालं की मग निघणं पुरं झालं, असं तिच्या घरात होतं.

सगळ्यात जास्त मार या शब्दासाठी कुणी खाल्ला असेल तर तिच्या मुलानं. जन्मला तो असा काही ओरडत जन्मला की सुईण म्हणाली, हा मुलगा आहे की भोंगा? तेव्हापासून तो भोंग्या. शाळेतल्या हजेरीत वेगळं नाव होतं, पण मास्तरसुद्धा भोंग्याच म्हणायचे. लहान असताना त्यानं बापाचा रेडिओ खोलून त्याचे सगळे अवयव फरशीवर मांडले. आईनं पाठीत धपाटा घातला, तर हा पिशवीत एक सदरा कोंबून दारात उभा. “मी जातो. कायमचा जातो.”

ती कान धरून त्याला परत उंबऱ्याच्या आत घेऊन आली. भोंग्याला वाटलं, आता माफी. पण ती म्हणाली, “जा की. तुला कुणी अडवलंय? पण सांगून जा नीट.”

भोंग्या हुंदके देत म्हणाला, “येतो.”

“ये,” ती म्हणाली आणि गादीकडे वळली.

तो गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत गेला, जरा वेळ तिथे उभा राहिला, भूक लागली, आणि परत आला. तिनं ताट वाढलेलंच होतं. “बघ,” ती म्हणाली, “येतो म्हणालास म्हणून आलास. जातो म्हणाला असतास तर गेला असतास.”

मुलाला हे पटलं. मुलांना पटतंच. पण तिलाच ते किती पटून बसलं होतं, हे कळायला फार वर्षं जावी लागली.

भोंग्या मोठा झाला आणि धंदाही भोंग्यांचाच केला. सभा-समारंभांना भोंगे, माइक, वायरी भाड्यानं द्यायचा. दुकानाच्या एका कोपऱ्यात त्याचा संसार. त्यावरून मायलेकांची रोज जुंपायची.

“आई, तुझ्या कापसानं माझ्या ॲम्प्लिफायरला दमा झालाय.”

“मग ने त्याला दवाखान्यात. माझा कापूस या घरात आधी आलाय.”

“माझ्याआधी?”

“तुझ्या बापाच्याही आधी. विचार त्यांना.”

धाकटी, म्हणजे भोंग्याची बहीण, तेव्हा शाळेत जायची. ती दोन्ही पक्षांची वकील. दोघांकडून खाऊ घ्यायची आणि दोघांनाही सांगायची, तुझंच बरोबर आहे.

मग ते साल आलं. लोकांनी मतं दिली. मोजणी चालू आहे, असं रेडिओ सांगत राहिला, सांगत राहिला, आणि एका सकाळी म्हणाला की मतदानच रद्द. पेट्यांचं काय झालं ते कुणी सांगेना. लोक उठले आणि मोठ्या चौकात जाऊन बसले. कुणी दगड उचलला नाही. नुसते बसले. आमची मतं मोजा, म्हणाले.

एवढी माणसं बसली की पुढे काय बोलतायत ते मागे ऐकू जाईना. भोंग्यानं आपले सगळे भोंगे नेऊन खांबांना बांधले.

“बसलेत त्यांना बसू दे,” गादीवाली म्हणाली. “तुझे भोंगे कशाला मध्ये?”

“मी काही बोलत नाही गं. बोलणाऱ्याचं शेवटच्या रांगेला ऐकू जावं, एवढंच बघतो.”

“धरतात तेव्हा आवाजवाल्याला आधी धरतात.”

“मग तू आवाज न करणारं काहीतरी दे,” तो हसला.

तिनं खरंच दिलं. जुन्या कापसाच्या पातळ गाद्या शिवल्या आणि पाठवल्या. वर बडबड चालूच. “गार फरशीवर बसून म्हाताऱ्यांचे सांधे धरले, तर उद्या राज्य कुणाचंही आलं तरी उठणार कोण?”

एका पहाटे चौक ‘रिकामा केला’. हा त्यांचा शब्द. रेडिओनं तो असा सांगितला जसं एखादं गोदाम रिकामं करतात. गोळ्यांचा आवाज बाजारापर्यंत आला. नंतर पाण्याच्या टँकरांनी फरशी धुतली. गाद्या भिजून लोळागोळा झाल्या होत्या, त्या ढीग करून ट्रकमध्ये टाकल्या. ट्रकमध्ये आणखी काय टाकलं ते बघायला कुणाला जवळ जाऊ दिलं नाही. भोंग्या त्या पहाटे वायर आणायला घरी आला होता म्हणून वाचला. वाचला असं तेव्हा वाटलं.

मग घराघरातून पोरं उचलायला सुरुवात झाली.

दुपारची वेळ होती. गादीवाली एका मोठ्या गादीची कड शिवत होती. हे काम ज्यानं केलंय त्यालाच कळेल. दोन्ही हातांनी कड ताणून धरायची, दोरा दातात आवळायचा, आणि गाठ बसेपर्यंत काही म्हणजे काही सोडायचं नाही. सोडलं की मागचे सगळे टाके सैल. पडद्यामागे भोंग्या जेवायला बसत होता. दुकानाच्या दारात जीप थांबली. ठाणेदार स्वतः उतरला. वर्दी कडक इस्त्रीची, बोलणं अगदी गोड.

“भोंगेवाला तूच का?”

“हो,” भोंग्या पडदा सारून बाहेर आला.

“चल जरा. थोडं विचारायचंय.”

“जेवून येतो ना, साहेब.”

“परत येऊन जेव की. आम्ही काय तुला ठेवून घेणार आहोत?”

भोंग्यानं चपला घातल्या. दारात वळला. “आई, येतो.”

तिच्या दातात दोरा होता.

“हं,” ती नाकातून म्हणाली आणि मान हलवली. गाठ बसल्यावर तिनं दोरा तोडला, तोंड मोकळं केलं, आणि ‘ये’ म्हणायला वर बघितलं. तेव्हा जीप वळली होती.

त्या दिवसापासून तिनं दोरा दातात धरलेला नाही. गादीची कड ती आता दुसऱ्या कुणाला तरी धरायला लावते. दाभण बाहीला टोचून ठेवते. गिऱ्हाइकांना वाटतं, वयानं दात गेले असतील. दात सगळे जाग्यावर आहेत.

संध्याकाळी ताट झाकून ती आणि टपालवाला ठाण्यात गेले. बाकावर बसवलं. बाकावर आणखी आईबाप होते. खूप वेळानं ठाणेदार बाहेर आला.

“सोडला की त्याला. मघाशीच गेला.”

“कुठे गेला?” टपालवाल्यानं विचारलं.

“मला काय सांगून गेला का? तरणा मुलगा आहे. गेला असेल कुठेतरी.”

‘गेला’ हा आपल्या भाषेतला फार सोयीचा शब्द आहे. बाजारात गेलेला माणूसही गेला आणि जगातून गेलेला माणूसही गेला. ठाणेदारानं तो शब्द त्या दिवशी बाकावरच्या सगळ्यांना वाटला. तुमचाही गेला, तुमचाही गेला. कुठल्या अर्थानं, ते ज्यानं त्यानं घरी जाऊन ठरवायचं.

गादीवाली उभी राहिली. “तो गेला नाही,” ती म्हणाली. “तुम्ही नेला.”

“नेला होता, बाई. मग सोडला. मग गेला.”

“नेला,” ती म्हणाली.

पुढची सगळी वर्षं तिनं हा एकच शब्द धरून ठेवला, गादीची कड धरावी तसा. शेजारच्या बायका मायेनं विचारायच्या, “काकू, भोंग्या जाऊन आता बरीच वर्षं झाली, नाही?” ती म्हणायची, “गेला नाही गं. नेलाय.” नातेवाइकांनी सुचवलं की एकदा मनाची समजूत घालून घ्यावी. त्यांना तिनं दुकानाची पायरी चढू दिली नाही. टपालवाला आपल्या वाटपाच्या प्रत्येक घरी पत्रासोबत मुलाचा फोटो दाखवायचा. लोक पत्र घ्यायचे, फोटो बघायचे, मान हलवायचे. नंतर नंतर काही घरं त्याला बघून दार लावून घ्यायला लागली, पत्र खालून सरकवा म्हणायची. तो विनोद करायचा बंद झाला. मग खोकायला लागला. मग गेला. तो खरोखर गेला. घरात, तिच्या हातावर डोकं ठेवून, तिनं स्वतः शिवलेल्या गादीवर. त्याला ‘गेले’ म्हणताना तिची जीभ एकदाही अडखळली नाही. माणूस गेला म्हणजे काय ते तिला कळत होतं. म्हणूनच मुलाला ती तसं म्हणत नव्हती.

एके दिवशी ते सरकार पडलं. कसं पडलं ते इथे उगाळत बसत नाही; धक्का कुणी दिला यावर लोक अजून भांडतायत. नव्यांनी चौकशी आयोग नेमला. वाचनालयाच्या सभागृहात खुर्च्या मांडल्या, समोर उंच टेबल, टेबलामागे निवृत्त न्यायाधीश असलेल्या अध्यक्षबाई. बाई सरळ होत्या, ऐकून घेणाऱ्या होत्या. वाईट म्हणावं असं त्यांच्यात काही नव्हतं, हेच पुढे जास्त लागलं.

आयोगाचा नियम असा: ज्याला नेलं आणि जो परत आलाच नाही, त्याचा जाब सरकारला द्यावा लागेल. ठाण्यातल्या लोकांवर खटला होईल, ठाण्यामागचं बंद मैदान खणून बघतील. पण ज्याला सोडलं आणि जो मग आपणहून निघून गेला, त्याचं प्रकरण तिथेच मिटलं. भोंग्याला जीपमध्ये बसवताना सगळ्या गल्लीनं पाहिलं होतं, ते कुणी नाकारत नव्हतं. सोडला की नाही, एवढाच प्रश्न. म्हणजे तिचाच जुना प्रश्न. गेला की नेला.

धाकटी आता चांगली मोठी झाली होती, दवाखान्यात परिचारिका होती. रजा टाकून आईसोबत आली. दोघी पुढच्या रांगेत बसल्या. माइक शिट्ट्या मारत होता.

“याला भोंग्या लागतो,” गादीवाली पुटपुटली. “वायर सैल आहे.”

धाकटीनं तिचा हात धरला.

गादीवालीची साक्ष झाली. कोण आलं, काय बोललं, सगळं तिनं सांगितलं. “आणि दारात तो म्हणाला, आई, येतो.” बाजूला टायपिस्ट खडखड टाइप करत होता. शेवटी त्यानं वाचून दाखवलं: “...त्यानंतर सदर इसम ‘मी जातो’ असे आईस सांगून घरातून निघून गेला.”

“थांब,” ती म्हणाली. “हे मी कधी सांगितलं?”

टायपिस्ट गडबडला. “मावशी, कागदावर तसंच लिहितात. अर्थ एकच ना.”

“एकच आहे ना? मग माझा लिही.”

सभागृहात थोडं हसू फुटलं. अध्यक्षबाईंनी दुरुस्ती करायला सांगितली. ‘येतो’ लिहिलं गेलं. ‘निघून गेला’ मात्र तसंच राहिलं, ते कुणाच्या लक्षातच आलं नाही. तिच्या आलं. पण तेवढ्यात ठाणेदाराचं नाव पुकारलं होतं.

ठाणेदार निवृत्त झाला होता. साधा सदरा, हातात पाण्याची बाटली, गुडघ्यानं किंचित लंगडत आला. रस्त्यात दिसला असता तर कुणीही त्याला बसायला जागा दिली असती. खुर्चीत टेकून तो बाटलीतलं पाणी प्यायला आणि सरळ सांगायला लागला.

“चौकशी केली, मॅडम. त्याच्याकडे काही सापडलं नाही. संध्याकाळी सोडून दिलं. मी स्वतः फाटकापर्यंत होतो. ‘साहेब, जातो’ म्हणाला आणि निघून गेला.”

“खोटं आहे,” गादीवाली म्हणाली.

ती ओरडली नाही. पण माइक सगळ्याच आवाजांना पकडत होता, तो शब्द मागपर्यंत गेला. अध्यक्षबाई म्हणाल्या, “आजी, तुमचं म्हणणं काय आहे ते उभं राहून सांगा.”

ती उभी राहिली. “माझा मुलगा ‘जातो’ म्हणत नाही. लहानपणापासून नाही. आमच्या घरात कुणीच म्हणत नाही. मीटरवाल्यालासुद्धा मी म्हणू देत नाही. हा माणूस बनवून सांगतोय. बनवताना त्याला एवढंही सुचलं नाही की—” आणि तिला पुढचं सुचेना. एवढा साधा मुद्दा, आणखी काय सांगणार?

लोक हसले. वाईट मनानं नाही हसले. तिच्या बाजूचेही हसले, त्यांच्याही मुलांचे फोटो त्यांच्या मांडीवर होते. म्हातारी काय बोलतेय म्हणून हसले.

सरकारी वकील तरुण होता, हुशार होता. सरकार नवं होतं, पण वकील सरकारचाच. तो नम्रपणे उठला. “मावशी, घरातून निघताना माणूस ‘येतो’ म्हणतो, कबूल. कारण घरी परत यायचं असतं. पण पोलीस ठाण्यातून सुटलेला माणूस ‘येतो’ कशाला म्हणेल? तिथे परत यायचंय का त्याला? तो ‘जातो’च म्हणेल.”

बरोबर होतं. ऐकायला अगदी बरोबर होतं. अध्यक्षबाई हळूच म्हणाल्या, “आजी, मला तुमचं दुःख कळतं. पण हा पुरावा धरता येत नाही.”

ती खाली बसली. बोटांच्या पेरांवरचे दाभणाचे जुने घट्टे चोळत राहिली. मग धाकटीच्या कानाशी वाकली.

“मारल्यावर माणूस विसरतो का गं?”

“काय?”

“तू दवाखान्यात बघतेस ना. डोक्यात मारलं, खूप मारलं, की आईनं शिकवलेलं विसरतो का? म्हणाला असेल का तो ‘जातो’?”

धाकटीनं दवाखान्यात बरंच काही पाहिलं होतं. “नाही आई,” ती म्हणाली. “दादा नाही विसरायचा.” आणि दुसरीकडे तोंड फिरवलं.

इतकी वर्षं कुणी तिला हलवू शकलं नव्हतं. वर्दीनं नाही, नातेवाइकांनी नाही, नवऱ्याच्या मरणानंही नाही. त्या नम्र वकिलानं एका वाक्यात हलवलं. पहिल्यांदाच तिच्या मनात आलं की तो खरंच फाटकातून बाहेर पडला असेल, ‘जातो’ म्हणून, आणि म्हणूनच परत आला नसेल. जातो म्हणाला असतास तर गेला असतास. तिचंच वाक्य.

“साक्ष पूर्ण झाली,” अध्यक्षबाई म्हणाल्या. “तुम्ही जाऊ शकता.”

टायपिस्टनं बोटं मोडली आणि हात मांडीवर ठेवले. ठाणेदारानं बाटलीचं झाकण लावलं, खुर्चीचा आधार घेऊन उठला, टेबलाकडे बघून मान लववली.

“येतो, मॅडम,” तो म्हणाला.

माइक चालूच होता.

सभागृहात कुणी हललं नाही. मागच्या रांगेतलं एक लहान मूल काहीतरी विचारायला लागलं, त्याच्या आईनं त्याच्या तोंडावर हात ठेवला. या आयोगासमोर परत यायची त्या माणसाला काडीची इच्छा नव्हती, हे शाळकरी पोरालाही कळलं असतं. तरी तो ‘येतो’च म्हणाला. कारण ते ठरवून कुणी म्हणतच नाही. ते आपलं आपण बाहेर पडतं. वकील कागद चाळायला लागला, पण कागद उलटे धरले होते.

आणि त्या शांततेत, कुणी काही बोलायच्या आत, पुढच्या रांगेतून आवाज आला.

“या.”

गादीवालीच म्हणाली. जन्मभराची सवय. दारातून निघणारा ‘येतो’ म्हणाला की हिनं ‘या’ म्हणायचं. तिच्या तोंडातून ते निघालं, तिच्याच कानांवर पडलं, आणि तिनं दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. ठाणेदार अर्ध्या वाटेत थबकला. त्यानं वळून पाहिलं नाही. मग लंगडत बाहेर गेला.

धाकटी ताडकन उठली. “लिहा,” ती टायपिस्टला म्हणाली. “आत्ता तो काय म्हणाला, ते लिहा.”

टायपिस्टनं अध्यक्षबाईंकडे पाहिलं. बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. “मी ऐकलं,” त्या म्हणाल्या. “सगळ्यांनीच ऐकलं. पण साक्ष संपली होती. नोंदीत घेता येणार नाही.”

“का नाही येणार? तुमच्यासमोर म्हणाला तो.”

“मुली, मी नियमानं बांधलेली आहे.”

घरी येईपर्यंत गादीवालीनं तोंडावरचा हात काढला नाही. दुकानात आली, कापसाच्या ढिगाशेजारी जमिनीवरच बसली, आणि मग तिचा बांध फुटला. धाकटी समजूत घालायला गेली, “आई, अहवालात काय यायचं ते येऊ दे, आपण वर अर्ज करू.” पण ती अहवालासाठी रडतच नव्हती.

“मी त्याला ‘या’ म्हटलं गं,” ती म्हणत होती. “त्याला म्हटलं. त्या माणसाला. आणि माझं पोर दारात उभं होतं, मला सांगत होतं, तर त्याला मी नुसतं ‘हं’ म्हटलं.”

अहवाल आला. भोंग्याच्या वाट्याला त्यात एक ओळ: ‘चौकशीनंतर मुक्त केल्यावर स्वेच्छेने निघून गेला असावा, पुढील माहिती उपलब्ध नाही.’ स्वेच्छेने. घरी ताट वाढलेलं होतं, आणि पोरगा म्हणे स्वेच्छेने गेला. ठाण्यामागच्या मैदानाचं फाटक अजून बंद आहे. आत गवत माजलंय. शेजारी वाहनतळ करायचा घाट चाललाय.

गादीवाली अजून गाद्या शिवते. डोळे मंद झालेत, टाके थोडे वाकडे पडतात, लोक काही बोलत नाहीत. गल्लीतली माणसं हल्ली तिच्या दारावरून जाताना मुद्दाम थांबतात आणि मोठ्यानं म्हणतात, “काकू, येतो!” ती हातातलं काम खाली ठेवते, तोंड वर करते, आणि प्रत्येकाला नीट उत्तर देते. “ये.” एकालाही चुकवत नाही. पण धाकटी सांगते, की दुपारी गल्ली रिकामी असते, दारात कुणी नसतं, तेव्हाही कधी कधी आतून आवाज येतो. “ये.” थोड्या वेळानं परत. “ये.”

धाकटीनं फेरतपासणीचा अर्ज टाकलाय. अध्यक्षबाईंनी या वेळी स्वतःहून निरोप दिला, की नियमात एक वाट आहे: त्या दिवशी सभागृहात हजर असलेल्यांनी आयोगासमोर येऊन, जे ऐकलं ते शपथेवर सांगावं, पुरेशी माणसं आली तर ते नोंदीत घेता येईल, प्रकरण परत उघडता येईल. सभागृह त्या दिवशी भरलेलं होतं. भिंतीला टेकून माणसं उभी होती. आणि आजपर्यंत पुढे आलेत ते हाताच्या बोटांवर मोजावेत एवढे. बाकीचे म्हणतात, आम्हाला नीट ऐकू आलं नाही. माइक चांगला चालू होता. शेवटच्या रांगेला ऐकू गेलं होतं.

म्हणून तुम्हाला विचारायचंय, हसणाऱ्यांत तुम्ही होतात का? असाल तर त्याबद्दल कुणाचा राग नाही. तुम्ही तिथे नसाल, तर जो होता त्याला गाठा, त्याचा हात धरा, सोबत घेऊन या. वाचनालयाच्या सभागृहात कामकाज परत सुरू होतंय. तिथे उभं राहून एकच शब्द सांगायचाय, ठाणेदार जाताना काय म्हणाला तेवढाच. घरून निघताना घरच्यांना ‘येतो’ म्हणा, त्यांचं ‘ये’ कानांनी ऐका, आणि मग या.